यंदा ताण देऊ नका

पुणे, १६ मार्च २०२५

प्रिय आत्या,

"तीर्थरूप" लिहिलं की तू म्हणतेस, मी जिती हाओ, मले तीर्थ कायले करते. म्हणून नुसतं प्रिय. फोन करायचं मी सोडून दिलं आहे. तू कानाची मशीन काढून ठेवतेस आणि प्रत्येक वाक्याला "हाव, हाव" म्हणतेस. मागच्या खेपेला मी विचारलं, तब्येत कशी आहे? हाव. जेवलीस का? हाव. घराला आग लागली का? हाव. तेव्हाच ठरवलं, तुझ्याशी बोलायचं तर पोस्टानं.

पुण्यात मी नेमकं काय करून राहिले, असं तू संक्रांतीला विचारलं होतंस. वीरेंद्रदादाच्या मोबाइलमध्ये आपण काही विचारलं की मराठीत उत्तर येतं ना, त्याच्या आत जे असतं त्याला आम्ही भाषेचं मॉडेल म्हणतो. त्याला अनपेक्षित सूचना द्यायच्या, त्याच सूचना जिवंत माणसांना द्यायच्या, आणि कोण काय समजलं ते टिपायचं, हे माझं काम. परवा सूचना होती, "घरातले सगळे दिवे बंद करा आणि पुढचं दार उघडं ठेवा." मॉडेलनं लगेच क्रमवार लिहून दिलं, आधी आतले दिवे, मग बाहेरचे, मग दार, आणि चोरांपासून सावध राहा. माणसांपैकी एकही जागचा हलला नाही. सगळे विचारायला लागले, का? कोण येणार आहे? एक बाई तर घाबरून म्हणाली, घरात कोणी गेलं का हो?

आता अडचण अशी की आमच्या सगळ्या सूचना शहरातल्या बिऱ्हाडांच्या झाल्या आहेत. तू तर आयुष्यभर बैलांना, झाडांना आणि मला हुकूम सोडलेस. बाहेरच्याला चक्रावून टाकतील अशा दोन-चार सूचना लिहून पाठव. साहेबांना सांगून ठेवलं आहे की माझी आत्या या कामातली उस्ताद आहे.

तुझी,
प्रणाली

बोरगाव, २७ मार्च

प्रणाली,

आशीर्वाद पहिलेच देऊन टाकते, मंग भांडू. मी हुकूम सोडते काय वं? बारावी होईपर्यंत माझ्या घरी राहून सौंसरच्या शाळेत गेली, रोज सकाळी बस चुकायची, तेव्हा हुकूम नसता सोडला तर आज पुण्याले बसून मशीनले शिकवत असती का? मी नसती तर तू अजून केसाले तेल लावून बसस्टँडवरच उभी असती.

बरं, तुझं काम करून देते. पोळ्याच्या आदल्या दिवशी वीरेंद्र आपल्या बैलाचे खांदे शेकते, हळद-तूप लावते, अन् त्याच्या कानात सांगते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." हे दे तुझ्या मशीनले. काय समजते ते मले कळव.

दुसरी सूचना घे. एप्रिल उतरतीले लागला का ऊन असं तापते का कोंबडी सावलीतून निघत नाई. विहिरीत पाणी हाय, लाइट हाय, तरी आपण संत्र्याच्या बागेचं पाणी तोडतो. मोटर बंद. पानं वळतात, झाड रडवेलं होते. नवीन माणूस म्हणन का ही बाई पागल झाली. पण झाडाले ताण बसला नाई तर मृगाचा बहार फुटत नाई, हे तू पाहिलंच हाय. माझे मालक, तुझे मामाजी, म्हणत, ताण काय कोणीबी देईन, बटन दाबलं का झालं. पण ज्यानं दिला त्यानं सोडवाले उभं राहाले पाहिजे. घाई केली तर नुसती पालवी येते, उशीर झाला तर फांद्यायच्या काटक्या होतात. ते गेल्यापासून तो दिवस मी ठरवते. पहिलं हलकं पाणी माझ्याच हातानं सुटते. वीरेंद्र त्यायचा पुतण्या, बागेत माझ्याहून जास्त राबते, पण त्या एका दिवसासाठी अजून मले विचारते, काकू, आज का उद्या?

मधात नागपूरले दोन चकरा झाल्या. चष्म्याचं काम होतं. बसमध्ये बसाले जागा भेटत नाई, बाकी ठीक.

तुझी आत्या
देवका

पुणे, ६ एप्रिल

प्रिय आत्या,

तुझ्या बैलांनी ऑफिसात धमाल उडवली. मॉडेलनं बैलांसाठी निमंत्रणपत्रिका तयार केली! "आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे," आणि खाली स्थळ अन् वेळ भरायला जागा. एका दुसऱ्या मॉडेलनं नम्रपणे कळवलं की बैलांना मानवी भाषा कळत नसल्यानं निमंत्रणाऐवजी चारा द्यावा. साहेब हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले.

पण ताणाची सूचना फुकट गेली. मॉडेलला सगळं ठाऊक होतं. मृग बहार, पाणी तोडणं, भारी जमीन, हलकी जमीन, सगळं धडाधड सांगितलं. जे कुठंतरी छापलं गेलं आहे ते त्यानं वाचलेलं असतं. नवख्या माणसाला चक्रावणारी सूचना त्याला चक्रावत नाही. म्हणून मला आता अशी हवी आहे जी ऐकून वीरेंद्रदादासारखा जाणता माणूस थबकेल. जाणत्याला अनपेक्षित वाटेल अशी. डोकं लाव.

चष्मा कसा आहे? नंबर वाढला का?

प्रणाली

बोरगाव, १४ एप्रिल

प्रणाली,

तुले वीरेंद्र थबकन अशी सूचना पाहिजे ना. घे.

"यंदा बागेले ताण देऊ नका. मोटर चालू ठेवा. बहार धरायचा नाई."

काल संध्याकाळी त्यालेच सांगून पाहिलं. आळ्यात फावडं मारून राहिला होता, तसाच उभा राहिला. मंग म्हणे, "काकू, काय म्हटलं?" मी पुन्हा सांगतलं. त्यानं फावडं धुतलं, सायकलले अडकवलं अन् गेला. तुझ्या कामाची झाली वाटते.

तुझा शाळेतल्या फोटोंचा डबा अन् ती बक्षिसाची वाटी पोस्टानं पाठवून राहिली. इथं फडताळात पडून काय कामाचं, पाहते कोण. पोचला का कळव.

चष्म्याचं होईन निवांत.

आत्या

पुणे, २५ एप्रिल

आत्या, आत्या, आत्या!

तू कमाल केलीस. तुझी सूचना आम्ही लागोपाठ दोन मॉडेलना दिली. पहिल्यानं निमूट ऐकलं. दर किती दिवसांनी पाणी, बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन, फूल दिसलं तर काय करायचं, सगळं टापटीप लिहून शेवटी "आपल्या बागेस शुभेच्छा". दुसऱ्याला वाटलं, सूचना देणाऱ्याची काहीतरी गफलत झाली आहे. त्यानं समजूत घालून ताण कसा द्यायचा तेच उलट शिकवलं! एकानं काही न विचारता मान डोलावली, दुसऱ्यानं काही न विचारता चूक सुधारली. साहेब म्हणाले, गेल्या सहा महिन्यांतली ही सगळ्यांत चांगली सूचना. त्यांनी ती मोठ्या फळ्यावर लिहून ठेवली आहे, खाली तुझ्या नावासकट. येता-जाता लोक वाचतात.

डबा पोचला. कशाला पाठवलास गं? तिथंच राहू द्यायचा होतास, माझ्या खोलीत मलाच जागा नाही. वाटी मात्र रोज वापरते, दही लावायला बरी आहे.

आता लवकर कळव, वीरेंद्रदादा काय समजला? माझा माणसांचा रकाना अजून रिकामा आहे.

प्रणाली

बोरगाव, ३ मे

प्रणाली,

भरून देते तुझा रकाना.

वीरेंद्र सात दिवस बागेकडं फिरकला नाई. आठव्या दिवशी आला तो सरळ ओसरीवर. चहा घेतला नाई, तेव्हाच मी समजली का गडी तापला हाय. म्हणे, "काकू, बाग विकून राहिल्या काय?" मी म्हटलं, "कोण म्हटलं तुले?" म्हणे, "कोणी म्हणाले कायले पाहिजे? रोडच्या कडेनं प्लॉट पाडून राहिले लोक. मागच्या महिन्यात दोन माणसं टेप घेऊन बांधावर उभी होती. तुम्ही दोनदा नागपूरले गेल्या, मले सोबत नेलं नाई. अन् आता म्हणता बहार धरायचा नाई. बहार नाई म्हणजे फेब्रुवारीले फळाचा तोडा नाई. ज्याले तोडा पाहाचा नाई तो बाग ठेवन कायले?"

पाहा, साऱ्या गोष्टी त्यानं बरोबर वेचल्या, अन् गाठ चुकीची बांधली.

मी नाई म्हटलं, तर विश्वास ठेवला नाई. कारण विचारलं, तर मी सांगतलं नाई. मंग त्यानं मोटरच्या पेटीतला फ्यूज काढला, खिशात घातला अन् म्हणे, "ह्या झाडायची आळी म्या खोदली. ताण मी देतो. विकाची असन तर बहारासकट विका." तेव्हापासून पाणी बंद हाय. दहा-बारा दिवस झाले. मी ओरडली नाई त्याच्यावर. ओरडाले आंगात जोर लागते.

तुझ्या मशीनचं मले बरं वाटते. सांगतलं तेवढं करते, वरून शुभेच्छा देते. माणूस कारण शोधाले निघते अन् त्याच्या मनात जे भेव असन तेच घेऊन परत येते.

तू मात्र काहीच शोधलं नाई. फळ्यावर लिहिलं म्हणे. चांगलं हाय.

आत्या

पुणे, १० मे

आत्या,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. आज रात्रीच्या गाडीनं निघते, स्वतःच्या हातानं तुला देईन. समोर बसून मला हे बोलता येणार नाही. तुला ऐकू येणार नाही, म्हणून मी ओरडेन, आणि अशा गोष्टी ओरडून बोलायच्या नसतात.

या आठवड्यात ऑफिसात एक नवीन मुलगा आला, तुषार. पांढुर्ण्याचा आहे. डाव्या भुवईवर गोटमारीची, म्हणजे तिथल्या नदीवरच्या दगडफेकीच्या जत्रेची, खूण आहे. त्याची आई दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणायची, नदीवर जाऊ नको, आणि तो दरवर्षी त्याचा अर्थ "मला सांगून जाऊ नको" असा घ्यायचा. तर अशा या मुलाला मी ऑफिस दाखवत होते. फळ्यापाशी तो थांबला. तुझं वाक्य वाचलं. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "माझ्या आत्याचं आहे. मस्त सूचना आहे ना?" तो हसला नाही. त्यानं माझ्याकडे पाहून विचारलं, "आत्या बऱ्या आहेत ना?"

मी म्हटलं, हो, का रे? तो म्हणाला, आमच्या बागेत आजोबांनी एकदाच असं सांगितलं होतं, ते गेले त्या वर्षी. चहा घ्यायला गेलो आणि मी कप तसाच ठेवून परत आले.

मग मी तुझी सगळी पत्रं काढली. मार्चपासूनची. पहिलं ते शेवटचं, एकेक ओळ टाइप करून त्याच मॉडेलला दिली आणि विचारलं, ही बाई असं का म्हणते आहे? आत्या, त्याला कळलं. ते म्हणालं, "या बाईंची प्रकृती ठीक नसावी आणि त्या ती लपवत असाव्यात. नागपूरच्या फेऱ्या, परत पाठवलेला डबा, पाणी सोडायला आपण असू की नाही याची शंका. त्यांना थेट विचारावं."

आधी मी त्याच्या हातात एक वाक्य ठेवलं होतं, त्यानं एका वाक्यापुरतं काम केलं. त्याच्याकडे दुसरं होतं काय? माझ्याकडे तर तू सगळी होतीस. ज्यानं ताण दिला त्यानंच सोडवायचा, हे तू मला त्याच्या आधीच्याच पत्रात लिहिलं होतंस. चष्म्याचा नंबर तू एकदाही सांगितला नाहीस. वाटी पाठवलीस, आणि मी तिच्यात दही लावून राहिले. मला माझी लाज वाटते आहे.

आत्या, तुला काय झालं आहे? चष्मा सोडून सांग. तू पत्र वाचून होईपर्यंत मी ओसरीवर बसते. उत्तर मिळाल्याशिवाय आत येणार नाही.

तुझी,
प्रणाली

बोरगाव, ११ मे

पोरी,

तू ओसरीवर बसून राहिली, मी माजघरात लिहून राहिली. सत्तर पावलं नाई, पोस्टमन नाई, तरी पत्र. लोक हासतीन आपल्याले.

लिहून टाकते. छातीत गाठ हाय. जानेवारीत न्हाताना हाताले लागली. नागपूरच्या डॉक्टरनं सुई टाकून पाहिलं अन् म्हणे, ऑपरेशन करा, लवकर करा. मी म्हटलं, घरी विचारून सांगते. घरी कोण हाय विचाराले? आली अन् तुझ्या मामाजीच्या फोटोले विचारलं. ते काय सांगतीन.

मले भेव वाटते, प्रणाली. दुसरं काही नाई, निव्वळ भेव. ऑपरेशन, मंग त्या दवाया, केस जातीन, कोणाच्या तरी हातचं पाणी पिऊन पडून राहाचं. तुले सांगतलं तर तू नोकरी सोडून येशीन. म्हणून ठरवलं का जितके दिवस आपल्या पायानं चालते तितके चालाचं. फक्त एक गोष्ट डोक्यातून जाये ना. ताण देऊन बसली अन् मंधातच मी पडली तर? झाडायनं कोणाकडं पाहाचं? वीरेंद्र दिवस चुकवन असं नाई, पण घाबरन. म्हणून म्हटलं, यंदा फळ नाई तर नाई, झाडं हिरवी राहू दे. तेवढंच सांगाचं होतं. त्याले सांगता येईना, तर तुले तुझ्या कामाच्या नावानं लिहून पाठवलं. वाटलं, ही तरी विचारीन.

जाऊ दे. आली ना आता.

आत्ता थोड्या वेळाआधी वीरेंद्र फाटकातून आला, तू त्याले काही सांगतलं. मले ऐकू नाई आलं पण त्याचं तोंड दिसलं. मंग तो आत आला, माझ्या कानाजवळ वाकला अन् असा ओरडला का मशीन नसती तरी ऐकू गेलं असतं. "काकू, म्या ताण देऊन बसलो! सोडवाचा मले येत नाई! आता काय करू?" एवढा मोठा बाप्या, माझ्या पलंगाचा खूर धरून लेकरासारखा रडला. मले हासूबी आलं अन् रडूबी आलं. म्हटलं, गाढवा, फ्यूज काढताना इचारलं होतं का मले?

आता पाणी तुटून वीस दिवस झाले. पानं वळाले लागली असतीन. आता मोटर सुरू केली तर अर्धवट ताण, ना फूल ना पालवी, झाडाचे हाल. अन् नाई केली तर जूनच्या सुरुवातीले कोणीतरी बागेत उभं राहाले पाहिजे. ह्या मूर्खानं चांगलं अडकवलं मले. तोवर ऑपरेशन करून उभं राहाले लागन.

जाय, बॅग भर. हिरव्या काठाचं लुगडं घे, ते सुती हाय. अन् डॉक्टरसमोर मले डोकरी म्हणाचं नाई, आत्ताच सांगून ठेवते.

आत्या

बोरगाव, ३० मे

प्रिय आत्या,

या वेळी मी बोरगावात आणि तू नागपूरच्या दवाखान्यात, उलटीच वरात. वीरेंद्रदादा उद्याच्या पहिल्या बसनं हे पत्र घेऊन येतो आहे. दादाची बायको, स्मितावहिनी, तुझ्यापाशी आहे, तिला त्रास देऊ नकोस. ती तुझी सून असल्यासारखी राबते आहे आणि तू तिला पेजेत मीठ कमी म्हणून बोललीस, हे मला कळलं आहे.

इथली हकिगत. पानं पूर्ण वळली आहेत. पहाटेसुद्धा पान ताठ होत नाही, हातात धरलं तर कापडासारखं लागतं. बुडाशी पिवळ्या पानांचा सडा आहे. शेजारच्या बागांत कालपासून पाणी सुटलं. जो येतो तो वीरेंद्रदादाला म्हणतो, काय बावा, झाडं मारता काय? त्यानं मोबाइलला विचारलं, तर त्यानंही आता हलकं पाणी द्यावं असं सांगितलं. दादा रोज तीनदा पेटीपाशी जातो, उघडतो, बंद करतो, माझ्याकडे पाहतो. मी काय सांगू? मी आजवर तुझ्या मागं उभं राहून नुसतं पाणी येताना पाहिलं आहे.

डॉक्टर म्हणाले, जखम छान भरते आहे, पण घरी सोडायला अजून आठ-दहा दिवस. पुढच्या औषधांचं वेळापत्रक नंतर ठरेल. तेव्हा आत्या, आता तू सांग. आम्ही पाणी सोडू का?

एक गंमत सांगते. साहेबांना फोन करून ते वाक्य फळ्यावरून पुसायला लावलं. माणसांच्या रकान्यात काय भरू, असं ते विचारत होते. मी म्हटलं, एकानं कारण शोधलं ते चुकलं, आणि त्या चुकीनंच माणूस दवाखान्यात पोचलं. हे कोणत्या खान्यात बसतं ते मला ठाऊक नाही. ते म्हणाले, रजा वाढवून घे.

तुझी,
प्रणाली

नागपूर, १ जून

वीरेंद्र अन् प्रणाली, दोघांले.

मोटर सुरू करू नका. कोणी काही म्हटलं तरी नाई. पानं गळली तर गळू द्या. शुक्रवारी मी येऊन पाणी सोडते म्हणून झाडायले सांगा.

डॉक्टरले मी पाहून घेते.

देवका

बोरगाव, २ जून

प्रिय आत्या,

चिठ्ठी पोचली. डॉक्टर म्हणतात थांबा, शेजारी म्हणतात पाणी द्या, मोबाइलही तेच म्हणतो, आणि तू या सगळ्यांच्या विरुद्ध दोन ओळी लिहून मोकळी. महिन्याभरापूर्वी मी हे वाक्य धावत ऑफिसात नेलं असतं.

कोणाला दिलं नाही. नुसतं वाचत बसले. एप्रिलमधल्या वाक्यात झाडं होती, मोटर होती, बहार होता, तू कुठंच नव्हतीस. या वाक्यात तू आहेस.

वीरेंद्रदादानं चिठ्ठी बसमध्ये वाचली होती, फाटकात उभं राहून आणखी एकदा वाचली. मला वाटलं, आता म्हणेल, काकूला दवाखान्यात बसून काय कळतं. त्यानं पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "काकू येऊन राहिल्या," एवढंच म्हणाला, आणि नाक पुसायला विहिरीकडं गेला.

किल्ली तुझ्या उशीखाली ठेवली आहे. झाडांना तुझा निरोप सांगितला, मोठ्यानं, म्हणजे शेजाऱ्यांनाही कळला.

फक्त एक काळजी आहे. आज दुपारपासून छिंदवाड्याच्या बाजूनं आभाळ भरून आलं आहे, आणि पाऊस पडला तर ताण तुझ्याआधी तोच सोडवेल. आख्खं बोरगाव हात जोडून वर पाहतं आहे, आणि आम्ही दोघं अंगणात उभं राहून ढगांना शिव्या देत आहोत, शुक्रवारपर्यंत थांबा म्हणून.

तुझी,
प्रणाली